टाकीच्या तळाशी चालू असलेली बॅटरी

बरीच वर्षं उभी असलेली फियाट पुन्हा रस्त्यावर काढायची म्हटलं की सगळे आधी बॉनेट उघडतात. नवी बॅटरी बसते, प्लग साफ होतात, ऑइल बदललं जातं. चोक ओढून दोन-चार सेल्फ मारले की बहुतेक वेळा इंजिन सुरूही होतं, कारण कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनलेलं हे १०८९ सीसीचं इंजिन मोठं चिवट आहे. गाडी कोपऱ्यापर्यंत जाते, झटके खाते आणि बंद पडते. मिस्त्री सांगतात, "कार्बोरेटरमध्ये कचरा आलाय." कार्बोरेटर खोलून साफ होतो, गाडी दोन दिवस नीट चालते आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

हा कचरा गाडीच्या दुसऱ्या टोकाकडून, मागच्या पेट्रोलच्या टाकीतून येतो. गाडी उभी असते, किल्ली कपाटात असते, आणि टाकीच्या तळाशी मात्र वर्षानुवर्षं वीज वाहत असते. खरीखुरी वीज. लोखंड गंजणं ही मुळात विद्युत-रासायनिक क्रिया आहे. ती एकदा नीट समजून घेतली की टाकी का सडते आणि ती पुन्हा कशी घडवायची, याचा उलगडा आपोआप होत जातो.

केंब्रिजच्या युलिक एव्हान्स या शास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात एक साधा प्रयोग केला. स्वच्छ घासलेल्या लोखंडी पत्र्यावर त्याने खाऱ्या पाण्याचा एकच थेंब ठेवला. त्यात रंग बदलणारी दोन रसायनं मिसळलेली होती. लोखंड जिथे विरघळेल तिथे निळा रंग यावा आणि जिथे प्राणवायू इलेक्ट्रॉन स्वीकारेल तिथे गुलाबी, अशी योजना. थोड्या वेळाने थेंबाचा मधला भाग निळा झाला आणि कडेला गुलाबी कडं उमटलं. आपल्याला वाटतं, जिथे हवा जास्त लागते तिथे लोखंड जास्त गंजत असेल. घडलं नेमकं उलटं. थेंबाच्या कडेला हवा भरपूर मिळते, पण खाल्लं जातं ते मधलं लोखंड, जिथे हवा पोहोचत नाही. मधल्या लोखंडातून सुटलेले इलेक्ट्रॉन पत्र्यातूनच कडेकडे वाहतात आणि तिथे प्राणवायू त्यांना घेतो. एक ऋण टोक, एक धन टोक, मध्ये खारं पाणी. एका थेंबात पूर्ण बॅटरी तयार! तांबडा गंज दिसतो तो या दोन भागांच्या मध्ये, म्हणजे खड्डा पडतो एकीकडे आणि गंज साठतो दुसरीकडे. गंज खरवडून काढला की त्याच्या शेजारी अचानक टाचणीएवढं भोक सापडतं, त्याचं कारण हेच.

आता हा थेंब टाकीत नेऊ. पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून ते तळाला जाऊन बसतं. वरच्या पेट्रोलने हवा अडवली असेल आणि म्हणून खालचं लोखंड सुरक्षित असेल, अशी समजूत होते. पण पेट्रोलमध्ये प्राणवायू पाण्यापेक्षा कितीतरी जास्त विरघळतो. पेट्रोल त्या थेंबाला वरून प्राणवायू पुरवत राहतं. सांध्याच्या खाचेत, पत्र्याच्या दुमडीत, साचलेल्या गाळाखाली तो पोहोचत नाही, आणि खड्डे पडतात ते तिथेच. शिवाय गंज मूळ लोखंडाच्या किमान दुप्पट जागा घेतो आणि सच्छिद्र असतो. ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा थर आतल्या धातूचं रक्षण करतो. लोखंडाचा गंज उलट ओल धरून ठेवतो.

पाणी आत शिरतं कसं? जुन्या गाडीची टाकी श्वास घेते. पेट्रोल खाली जाईल तसतशी झाकणाच्या बारीक छिद्रातून हवा आत यायलाच हवी, नाहीतर आत पोकळी तयार होऊन पेट्रोल ओढलं जात नाही. (हे छिद्र बुजलं की गाडी काही किलोमीटरवर बंद पडते. झाकण उघडल्यावर 'फुस्स' आवाज येतो आणि गाडी पुन्हा सुरू होते. कित्येक निष्पाप पेट्रोल पंप या एका छिद्रापायी बदलले गेले आहेत.) दिवसा टाकी तापते, हवा बाहेर जाते, रात्री थंडावते, दमट हवा आत येते आणि पत्र्यावर दव धरतं. याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. ३० अंश सेल्सियसच्या पूर्ण दमट हवेत दर घनमीटरला सुमारे ३० ग्रॅम पाणी असतं, २५ अंशाला २३ ग्रॅम. टाकीत २० लिटर जागा रिकामी असेल आणि त्यातली सगळी हवा थंडावली, तरी दव पडेल ते जेमतेम तीन थेंब. त्यातही रोज सगळी हवा बदलत नाही, म्हणजे प्रत्यक्षात आणखी कमी. तेव्हा टाकीत वाटीभर पाणी निघालं तर दोष एकट्या दवाला देऊ नये. झाकणाचं कडक झालेलं रबर, गाडी धुताना मारलेला पाण्याचा फवारा आणि पावसात झाकणाच्या खळग्यात साचणारं पाणी, हे मोठे चोर. पण एव्हान्सच्या थेंबाला तीन थेंबही पुष्कळ होतात.

टाकी बनवणाऱ्यांना हे सगळं ठाऊक होतं. म्हणून त्या काळच्या बहुतेक गाड्यांच्या टाक्या शिसं आणि कथिल यांच्या मिश्रणाचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या असत. आपल्याकडे पितळेच्या भांड्यांना कल्हई करत, तीच ही कल्पना: खालचा धातू आतल्या पदार्थापासून दूर ठेवायचा. फरक पडतो तो ओरखडा उठल्यावर. जस्ताचा मुलामा असेल तर ओरखडा पडल्यावर जस्त आधी झिजतं आणि लोखंड वाचवतं. शिसं आणि कथिल लोखंडापेक्षा कमी क्रियाशील, त्यामुळे ओरखड्यात उघडं पडलेलं लोखंडच बॅटरीचं झिजणारं टोक बनतं आणि एरवीपेक्षा लवकर खाल्लं जातं. मुलामा शाबूत आहे तोवर टाकी अनेक दशकं टिकते. एकदा तुटला की तुटलेल्या जागी घाई होते. म्हणूनच टाकी साफ करताना आतून जोरात खरवडणं मला धोक्याचं वाटतं. चांगल्या जागेचा मुलामा त्यात जातो.

या गंजाचा एक कण पुढे जाऊन काय करतो, ते पाहिलं की टाकी आणि इंजिन यांचं नातं कळतं. टाकीतून एक बारीक लोखंडी नळी गाडीच्या पोटाखालून पुढे येते. इंजिनाच्या कॅमशाफ्टवरची एक विकेंद्री चकती पंपाचा दांडा ढकलते, दांडा रबरी पडदा ओढतो, दोन इवल्या झडपा आळीपाळीने उघडतात आणि पेट्रोल कार्बोरेटरच्या वाटीत येतं. वाटीत फ्लोट तरंगतो. पातळी वर आली की तो सुईला वर दाबतो आणि पेट्रोल थांबतं. मग हवेच्या वेगाने निर्माण होणाऱ्या कमी दाबामुळे पितळी जेटमधून पेट्रोल वर खेचलं जातं. जेटवर ११५ आकडा कोरलेला असेल तर त्याचं भोक १.१५ मिलिमीटरचं. आयडलिंगच्या जेटवर ४५ किंवा ५० असेल तर भोक अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून कमी! लिटरला १२ किलोमीटर देणारी गाडी ताशी ४८ने चालली तर तिला सेकंदाला जेमतेम १ मिलिलिटर पेट्रोल लागतं. एवढ्या बारीक धारेवर अख्खी गाडी माणसांसकट धावते. त्या भोकात गंजाचा कण बसला की गाडी सिग्नलला बंद पडते, आणि तोच कण सुईच्या खोबणीत बसला तर पेट्रोल थांबत नाही, कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतो आणि तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकतं. म्हणजे गंजलेली टाकी नुसता त्रास देत नाही, ती आगीचं कारण होऊ शकते.

म्हणून दुरुस्ती मागून पुढे करावी. कार्बोरेटर सगळ्यात शेवटी.

टाकी उतरवण्याआधी तळाचा ड्रेनचा बोल्ट असेल तर तो हळूच सैल करून पहिलं पेट्रोल काचेच्या बरणीत घ्यावं. गाडी उघड्यावर असावी, आजूबाजूला ज्योत किंवा ठिणगी नसावी आणि बॅटरीची वायर काढलेली असावी. बरणी काही वेळ स्थिर ठेवली की त्यात टाकीचा सगळा इतिहास थरांनी उभा राहतो. वर चहाच्या रंगाचं, व्हार्निशचा वास मारणारं जुनं पेट्रोल, त्याखाली स्वच्छ रेषेने वेगळा झालेला पाण्याचा थर, आणि तळाशी विटकरी भुकटी. भुकटीत काळे कण असतील तर बरणीला बाहेरून लोहचुंबक लावावं. काळे कण काचेच्या कडेने चुंबकाबरोबर वर चढतात, तांबडे बहुतांशी खालीच राहतात. काळं ते मॅग्नेटाइट, प्राणवायू कमी पडला तिथे बनलेलं. तांबडा तो नेहमीचा गंज. खडकातून काढलेल्या खनिजाला भट्टीत घालून माणसाने लोखंड बनवलं आणि टाकीत ते पुन्हा खनिज व्हायला निघालं, हे त्या बरणीत उघड्या डोळ्यांनी दिसतं.

यानंतरचा टप्पा सर्वांत धोक्याचा, म्हणून इथे थांबून वाचावं. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातक असते. पेट्रोलची वाफ हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के असेल तेव्हाच पेट घेते. भरलेल्या टाकीत वाफ इतकी दाट असते की पेटायला हवा पुरत नाही. रिकाम्या टाकीत दोन्हींचं प्रमाण नेमकं जुळून येतं. पेट्रोल उणे ४० अंशांच्या आसपासही पेटण्याजोगी वाफ सोडतं आणि ही वाफ हवेपेक्षा तिप्पट-चौपट जड असल्यामुळे जमिनीलगत सरपटत दूरच्या ठिणगीपर्यंत जाते. सांध्यात आणि गाळात मुरलेलं पेट्रोल वाऱ्यावर ठेवल्याने पूर्ण जात नाही. टाकी गरम पाणी आणि डिटर्जंटने पुनःपुन्हा धुवावी, पाणी काठोकाठ भरून ओतावं, आणि वास पूर्ण जाईपर्यंत पुढचं काही करू नये.

मग गंज काढणं. गॅरेजमध्ये टाकीत मूठभर नट-बोल्ट टाकून ती हलवतात. त्याऐवजी लांब साखळी घालावी. काम तेच होतं, आणि एक टोक धरून ओढली की सगळी बाहेर येते. आत एखादा नट कायमचा अडकून वाजत राहत नाही. पण साखळी फक्त सुटा गंज पाडते. उरलेल्यासाठी विजेचा मार्ग मला सगळ्यात आवडतो, कारण त्यात एव्हान्सच्या थेंबातली बॅटरी आपण उलटी चालवतो. टाकीत धुण्याच्या सोड्याचं पाणी भरायचं, चार्जरचं ऋण टोक टाकीला आणि धन टोक पाण्यात सोडलेल्या एका लोखंडी सळईला. सळई टाकीला कुठेही टेकू नये म्हणून तिच्यावर भोकं पाडलेली प्लास्टिकची नळी चढवतात. चार्जर सुरू केला की इलेक्ट्रॉन टाकीकडे ढकलले जातात. टाकीचं लोखंड आता झिजू शकत नाही. झिजते ती सळई. पत्र्यावर हायड्रोजनचे बुडबुडे उठतात आणि गंजाचे पापुद्रे त्यांच्याबरोबर सुटतात. गंजाचं पुन्हा लोखंड होऊन खड्डा भरतो असं नव्हे, गेलेला धातू गेलाच. पण चांगल्या धातूला धक्का लागत नाही, हे ॲसिडला जमत नाही. काम उघड्यावरच करावं, कारण निघतात ते हायड्रोजन आणि प्राणवायू. सळई स्टेनलेस स्टीलची कधीही घेऊ नये. तिच्यातलं क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरतं. आणि वीज सळईच्या समोरच्या भागावरच नीट काम करते, म्हणून टाकीच्या कोपऱ्यांसाठी सळईची जागा बदलत राहावी लागते.

कोपरे तरीही राहिले तर सायट्रिक ॲसिड. ते लोखंडाचे अणू जणू पकडूनच पाण्यात नेतं आणि हळू काम करतं, म्हणून सुरक्षित. संडास धुण्याचं ॲसिड वापरणारे पुष्कळ भेटतात; ते गंजाबरोबर पत्रा आणि सांध्याचा डाखही खातं, म्हणून मी ते सुचवणार नाही. फॉस्फरिक ॲसिडची गोष्ट वेगळी. त्याने लोखंडावर फॉस्फेटचा पातळ, घट्ट थर बसतो. दिल्लीत मेहरौलीला उघड्यावर उभा असलेला सुमारे १६०० वर्षांचा लोहस्तंभ का गंजला नाही, याचा अभ्यास आयआयटी कानपूरच्या आर. बालसुब्रमण्यम यांनी केला. त्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे आणि त्यातून पृष्ठभागावर लोहाच्या फॉस्फेटचं संरक्षक कवच तयार झालं, असं त्यांनी दाखवलं. टाकीत ॲसिड ओतणारा मेकॅनिक त्याच रसायनशास्त्राची एक घाईची आवृत्ती वापरत असतो. टाकीच्या बाहेरच्या अंगाला आणि पट्ट्यांना टॅनिनचं द्रावण लावतात, त्याने तांबडा गंज निळसर काळा होऊन घट्ट बसतो. लोखंड आणि टॅनिन मिळून जुनी काळी शाई बनत असे. आपल्या सह्याद्रीतला हिरडा टॅनिनसाठीच इतका मोलाचा.

ॲसिड धुऊन काढलं की घड्याळ सुरू होतं. स्वच्छ, ओलं, उघडं लोखंड काही मिनिटांत पुन्हा तांबूस होतं. सोड्याच्या पाण्याने ॲसिड मारायचं, लगेच गरम हवा सोडून टाकी कोरडी करायची आणि थोडं ऑइल मिसळलेलं पेट्रोल सगळ्या बाजूंनी फिरवायचं. इथे आळस केला तर सगळी मेहनत वाया.

भोकं निघाली तर रेडिएटर दुरुस्त करणाऱ्यांकडे जावं. डाख देण्यात त्यांचा हात बसलेला असतो आणि डाखाला वेल्डिंगएवढी उष्णता लागत नाही. तरी टाकी पूर्ण धुतलेली आहे हे आपण स्वतः खात्री करून सांगायचं. आतून इपॉक्सीचा लेप देण्याबद्दल माझं मत सावध आहे. पत्रा जाड असेल तर लेप नको. चाळण झालेल्या टाकीला तो मुदतवाढ देतो, एवढंच. नीट न सुकवलेल्या पत्र्यावरचा लेप पापुद्र्यांनी सुटतो आणि मग गंजाऐवजी प्लास्टिक जेटकडे निघतं. लेप द्यायचाच तर इथेनॉलला टिकणारा हवा.

इथेनॉलचा मुद्दा आता टाळता येत नाही. या गाड्या घडल्या तेव्हा पेट्रोल म्हणजे पेट्रोलच होतं; आता पंपावर मिळतं त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि त्यातला काही वाटा उसातून येतो. १०० मिलिलिटरच्या मोजपात्रात १० मिलिलिटर पाणी आणि ९० मिलिलिटर असं पेट्रोल घालून, हलवून ठेवून द्यावं. खालचा पाण्याचा थर वाढून २५च्या पुढे गेलेला दिसतो! इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्याकडे गेलं. टाकीच्या तळाला पाणी साचलं तर तिथेही हेच घडतं. शिवाय इथेनॉल जुना चिकटा विरघळवून पुढे पाठवतं आणि जुन्या रबराला फुगवतं किंवा तडे पाडतं. म्हणून टाकीबरोबर सगळे रबरी होज बदलावेत. एसएई ३०आर९ असा छाप असलेले होज इथेनॉलला चालतात. पंपाचा पडदाही तशा रबराचा घ्यावा. पोटाखालच्या लोखंडी नळीत पुढून मागे दाबाची हवा सोडावी. मागे बरणी धरली की काय साचलं होतं ते दिसतं. नळी आतून खवल्यांची झाली असेल तर नवी नळी (बंडी पाइप) वाकवून घालावी, त्यात काटकसर करू नये.

एवढं झाल्यावर कार्बोरेटर खोलायचा. जेट तारेने टोचू नयेत. पितळ मऊ असतं आणि भोक शतांश मिलिमीटरने वाढलं तरी मिश्रण बदलतं. फक्त हवा आणि क्लीनर. एक किलो पेट्रोल जळायला पावणेपंधरा किलोच्या आसपास हवा लागते, इथेनॉलला नऊच. म्हणून जुन्या जेटवर नव्या पेट्रोलचं मिश्रण जरा पातळ पडतं आणि गाडी तापल्यासारखी वागते. प्लग पांढरट पडू लागले तर एक आकडा मोठा जेट घालून पाहावा. पंपाच्या आधी पारदर्शक फिल्टर बसवावा आणि पहिले काही दिवस तो रोज बघावा. तांबडं दिसलं तर काम अर्धवट राहिलंय.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली उभारलेल्या प्रीमियरमधून पद्मिनी, म्हणजे हीच फियाट, निघणं थांबूनही आता बरीच वर्षं झाली. मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३मध्ये २० वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून गेली. उरल्या त्या लोकांच्या दारातल्या आणि वाड्यातल्या. अशी एखादी तुमच्याकडे असेल तर एवढं करा. तीन-चार महिने उभी राहणार असेल तर पावसाळ्याआधी टाकी जवळपास भरून ठेवा आणि झाकणाचं रबर नवं घाला. त्याहून जास्त उभी राहणार असेल तर टाकी पूर्ण रिकामी करून आतून ऑइल फिरवा. आणि पेट्रोलचा वास येणारी टाकी, ती कितीही वर्षं रिकामी असली तरी, वेल्डिंगवाल्याच्या हातात देऊ नका.